पाण्याचा दिवस

माझं काम काय, हे एका वाक्यात सांगता येतं आणि तरी कुणाला ते पटत नाही. परक्या शहरात जायचं, दोन दिवस पायी हिंडायचं आणि कुठल्या भागाला पुढं भाव येईल ते कागदावर लिहून द्यायचं. माझी ताई म्हणते, "म्हणजे ज्योतिषीच की तू! लोक हात बघतात, तू रस्ते बघतोस." कंपन्या मात्र याला 'पाहुण्याची नजर' म्हणतात. गावातल्या माणसाला स्वतःचं गाव दिसत नाही, पाहुण्याला दिसतं, असं त्यांचं म्हणणं. सव्वीस वर्षं या एका म्हणण्यावर माझं पोट भरलं. आता विचाराल तर पाहुण्याला दिसतं थोडंच, पण तो ते ठासून सांगतो आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून जातो. त्याच्या बोलण्याचं पुढं काय झालं हे बघायला तो थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

या धंद्यात माझं थोडंफार नाव झालं ते एका युक्तीमुळे. एखाद्या वस्तीत खरंच माणसं राहतात की घरं नुसती घेऊन ठेवलेली आहेत, हे ओळखायचं कसं? दलाल खोटं बोलतो. दारावरच्या कुलपाचा भरवसा नाही, माणूस कामावरही गेलेला असतो. मी दुपारी साडेतीनच्या सुमाराला जायचो आणि मान वर करून गच्च्या, खिडक्या, अंगणं बघत वाळत घातलेले कपडे मोजायचो. जिथं दोऱ्या भरलेल्या तिथं माणसं, जिथं माणसं तिथं मागणी. दोऱ्या रिकाम्या असतील तर तो भाग यादीतून बाद. नव्या पोरांना मी हे मोठ्या ऐटीत शिकवलं. आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात या युक्तीला 'दोरी-मोजणी' असं भारदस्त नाव देऊन एक अख्खं पान खर्ची घातलंय, आणि पानाखाली माझं नाव आहे.

यंदा कंपनीनं मला पाठवलं ते ताईच्या शहरात. शहर झपाट्यानं वाढतंय, पाहुण्याच्या नजरेनं त्याचं एक चित्र लिहून द्या, म्हणाले. शेवटचा निर्णय माझ्या सहीनं व्हायचा होता.

तिथली आमच्या कंपनीची मॅडम मला घ्यायला स्टेशनावर आली. पस्तिशीची, हुशार, बोलायला गोड आणि चालायला माझ्या दुप्पट वेगाची. ती सहा महिन्यांपूर्वीच इथं बदलून आली होती आणि तरी शहर तिला तोंडपाठ होतं. अर्धवट उभ्या पुलाचे खांब दाखवत म्हणाली, "हा झाला की विमानतळ वीस मिनिटांवर, सर." खांबांच्या डोक्यावर लोखंडी सळया तशाच उघड्या होत्या आणि त्यांवर कावळे बसले होते. मी 'विमानतळ, वीस मिनिटं' असं लिहून घेतलं. कावळे लिहायला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

मग तिनं मला एक नमुन्याचा फ्लॅट दाखवला. मला या नमुन्यांचा मनापासून राग येतो. त्यातला पलंग मुद्दाम लहान करून घेतलेला असतो, म्हणजे खोली मोठी दिसते. त्या पलंगावर झोपायचं तर पाय पोटाशी घ्यावे लागतील. "किती मोकळं वाटतं ना, सर?" मॅडम म्हणाली. "बारा वर्षांच्या मुलाला वाटेल," मी म्हणालो. ती हसली, पण तिनं ते लिहून घेतलं असावं असं मला उगीचच वाटलं.

दुपारी ती मला गोल पाण्याच्या टाकीपलीकडच्या भागात घेऊन गेली. चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, काचेचं हॉस्पिटल, चपलांपासून चष्म्यांपर्यंत दुकानं. "हा भाग मी प्रत्येक पाहुण्याला दाखवते," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांपूर्वी इथं नुसती बैठी घरं होती. कुणी फिरकत नव्हतं म्हणे. पण ज्यांनी तेव्हा हिंमत करून घेतलं, त्यांच्या पोरांनी काही केलं नाही तरी चालेल."

मी टाकीकडे बघत राहिलो. तिच्या पोटाला वेढा घालून वर जाणारा लोखंडी जिना तसाच होता. ते सव्वीस वर्षांपूर्वीचं गणित मला हिनं शिकवायची गरज नव्हती.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. या नोकरीला लागून चारच महिने झालेले आणि डोक्यात ही एवढी हवा. ताई आणि भाऊजी टाकीच्या अलीकडच्या अंगाला एका भाड्याच्या खोलीत राहत होते. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली करायचं आणि संध्याकाळी तळमजल्यावरच्या खोलीत येऊन पाय पसरायचे. टाकीपलीकडच्या नव्या वसाहतीत त्यांनी एक बैठं घर बघून ठेवलं होतं. दोन खोल्या आणि मागे चार पावलांचं अंगण. दिवसा रजा मिळत नसल्यामुळे ते त्यांनी कामावरून येताना, दिवे लागल्यावर पाहिलेलं. मला बोलावून म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही या धंद्यातले. एकदा उजेडात बघून या. तुम्ही हो म्हणालात की आम्ही डोळे मिटून घेतो."

मी गेलो, तोही बरोबर साडेतीनला. साठेक घरं होती आणि एकाही दोरीवर एक चिंधी वाळत नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी एकाही दाराची कडी वाजवली नाही, कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? दोऱ्या बोलत होत्या. मी तडक त्या घराच्या मालकाकडे गेलो. तो एक निवृत्त मास्तर होता. त्याला म्हणालो, "आम्हाला नको तुमचं घर. तिथं राहतं कोण, भुतं?" मास्तर चष्मा काढून पुसत राहिला.

ताईनं विचारलं, "कशावरून रे नको?" मी म्हणालो, "ती आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, तुला नाही कळायची." मला आठवतं, त्या दिवशी ताईच्या दारातल्या दोरीवर भाऊजींचे कामावरचे खाकी कपडे वाळत होते. त्यांच्या ओल्या बाह्या चुकवत, वाकून मी घरात शिरलो होतो.

पुढं ती वसाहत अशी वाढली. मी म्हणायचो, अंदाज चुकतात, डॉक्टरचेही चुकतात. भाऊजी कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी सात भाड्याची घरं बदलली आणि चार वर्षांपूर्वी सहाव्या घरात… नाही, सात म्हणतोय मी. सातवं ताईनं एकटीनं घेतलं. ते गेले सहाव्यात.

"सर?" मॅडम म्हणाली. "शेवटची एक जागा राहिली. पाच मिनिटांचं काम आहे."

शेवटची जागा म्हणजे टाकीच्या अलीकडची एक जुनी गल्ली. दुमजली घरं, अठ्ठेचाळीस. कंपनीचा बेत असा की गल्लीच्या मालकांकडून सगळी घरं घ्यायची, पाडायची आणि तिथं दोन उंच इमारती उभ्या करायच्या. मालकांना नव्या इमारतीत जागा आणि भाडेकरूंना दोन महिन्यांची मुदत. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा कोपऱ्यावर शिलाईचं दुकान दिसलं; ताईनं पत्त्यात हीच खूण कळवली होती. फोनमधला ताईचा नवा पत्ता मी काढून बघितला. हीच गल्ली. वर्षापूर्वी ती इथं आली होती आणि मला अजून यायला सवड झाली नव्हती.

मॅडमनं फाईल उघडली. "ही आमच्या यादीत होती, सर. पण मी माणसं पाठवून तुमची दोरी-मोजणी करून घेतली. अठ्ठेचाळीस घरांपैकी अकराच दोऱ्यांवर कपडे. म्हणजे घरं रिकामी, मागणी नाही. ही वगळायची. तुमची सही झाली की फाईल बंद."

मी गल्लीत नजर टाकली. साडेतीनच वाजले होते. बहुतेक दोऱ्या रिकाम्या होत्या. मला असं हायसं वाटलं म्हणून सांगू! माझ्या युक्तीनं आयुष्यात पहिल्यांदाच ताईच्या उपयोगी काहीतरी केलं होतं.

"वगळा," मी म्हणालो. "सही उद्या सकाळी करतो." माझे एक नातेवाईक जवळच राहतात एवढंच सांगून मी तिला वाटेला लावलं.

ताईचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार उघडून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाळ्या, पोट सुटलंय तुझं." पंचावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, त्यामुळे मी कधी हरकत घेत नाही.

दोन खोल्या, पण उजेडाच्या. खिडकीत भाऊजींची हत्यारांची पेटी होती आणि तिच्यावर एक कुंडी ठेवलेली. ताईचे गुडघे आखडले होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. मी तिला आल्या आल्या बातमी दिली. कंपनी या गल्लीत येणार होती, आता येत नाही, मीच वगळायला सांगितलंय. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ हातातला चमचा तसाच धरून राहिली.

"खालच्या बाईंनी सांगितलं होतं, मापं घेणारी माणसं येऊन गेली म्हणून. माझी झोप उडाली होती रे," ती म्हणाली. "मला हे घर आवडलंय. आता इथून हलायचं नाही. दर घरात आम्ही दोन-तीन खोके बांधलेलेच ठेवायचो. कधी मालक जा म्हणेल, काय सांगावं. इथं पहिल्यांदा सगळे सोडले."

कपाटामागे ते खोके दिसत होते. घडी घालून, चपटे करून, सुतळीनं बांधलेले. "मग टाकून का देत नाहीस?" मी म्हणालो.

"चांगले खोके कुणी टाकतं का?"

चहा पिऊन आम्ही गच्चीवर गेलो. गच्चीवरून सगळी गल्ली दिसत होती आणि मला नवल वाटायला लागलं. गल्लीत सायकली होत्या, दारांत चपला होत्या, कुठल्या तरी घरात कुणीतरी कुणाला तरी ओरडत होतं. आमच्या फाईलप्रमाणे रिकाम्या असलेल्या गल्लीत मुलांचा एक घोळका भिंतीवर चेंडू मारत होता. आणि ताईची दोरीही रिकामी होती.

"ताई, तू कपडे धूत नाहीस का?" मी गमतीनं विचारलं.

"आज कसे धुणार? आज आपल्याकडे पाण्याचा दिवस नाही. उद्या बघ, जागा मिळणार नाही गच्चीत."

"पाण्याचा दिवस म्हणजे?"

"एक दिवस टाकीच्या या अंगाला पाणी सोडतात, दुसऱ्या दिवशी त्या अंगाला. मोठ्या इमारतींना काय, त्यांचे टँकर येतात. आपण एकाआड एक दिवस. ज्यांच्याकडे बोअर आहे ते रोज धुतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. या शहरात मी आले तेव्हापासून." ती बोलत असतानाच थांबली. माझ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघायला लागली.

मी कठड्याला धरलं. माझ्या गावात नळाला रोज पाणी. एखाद्या शहरात धुण्याला वार असतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या दिवशी ताईच्या दारात खाकी कपडे वाळत होते, म्हणजे तो या अंगाचा दिवस होता. टाकीपलीकडे पाणी नव्हतं. साठ घरांतली माणसं आपापल्या घरात होती आणि त्यांचं धुणं कोपऱ्यात पडलं होतं, उद्याची वाट बघत. मी सव्वीस वर्षं ज्याला अंदाज चुकणं म्हणत होतो तो अंदाजही नव्हता. एक कडी वाजवली असती तरी कळलं असतं.

"ताई," मी म्हणालो, "ते घर… मी दोऱ्या बघून नको म्हणालो होतो. नुसत्या दोऱ्या बघून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

ती कठड्यावर टेकली. "तीन दिवसांनी हे मास्तरांची किल्ली परत द्यायला गेले. दुपारी साहेबांकडून तासभर सुटी मागून. तर वाटेत त्या वसाहतीत सगळीकडे चादरी, पोरांचे कपडे, पायजमे. बायका दारात बसलेल्या. हे तसेच धावत मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणाले, तुमचा मेव्हणा भुतं राहतात म्हणून गेला, मी दुसऱ्याला शब्द दिला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी सांगणार होते. चांगली झाडणार होते तुला. हेच म्हणाले, नको. पोराची नवी नोकरी आहे. पहिल्याच कामात असं कळलं तर हात कापत राहील जन्मभर. घर काय, दुसरं मिळेल." ताई कठड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "आणि पाच-सहा वर्षांनी तुझ्या घरी सगळे जमलो होतो, तेव्हा तू ती युक्ती सांगितलीस. दोऱ्यांची. तेव्हा आम्हाला कळलं की काय झालं होतं."

मला ती दुपार आठवली. मी हातवारे करून सांगत होतो. सगळ्यांत मोठ्यानं भाऊजी हसले होते. "वा मेव्हणे, काय डोकं चालवलंत!" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली होती. ताई तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि मला वाटलं होतं, हिला माझं कौतुकच नाही.

मी रडलो नाही. रडलो असतो तर बरं झालं असतं. मला राग आला, स्वतःचा, आणि त्या पुस्तकातल्या पानाचा. इतकी शहरं मी मोजली. कुठं पाणी आठवड्यातून दोनदा येत असेल, कुठं बायका रात्रपाळी करून दुपारी झोपत असतील. मी मान वर करून हिंडलो आणि किती जणांना नको म्हणून आलो, त्याचा हिशोबच लागत नव्हता. रात्री ताईनं वाढलेला वरणभात मी निम्मा टाकला. ती म्हणाली, "झालं ते झालं. तू आत्ता माझ्यापुरतं चांगलं केलंस, ते बघ ना." मी ते ऐकलं, पण ते डोक्यात शिरलं नाही.

सकाळी आठ वाजता नळ आला आणि गल्ली जागी झाली. दहाच्या सुमाराला मी गच्चीवर गेलो तर ताई वाकून चादर पिळत होती. मी समोर बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्या भरल्या होत्या. शाळेचे गणवेश, कामगारांचे डगले, बाळाचे लंगोट, कुणाच्या तरी उशांचे लाल-लाल अभ्रे. मी मोजायला लागलो. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस. सत्तेचाळीस! उरलेलं एक घर म्हणजे शिलाईचं दुकान.

मी फोन काढला आणि मॅडमला लावला. माझा आवाज चढलेला होता. "मॅडम, ते पुस्तकातलं पान फाडून टाका. दोरी-मोजणी साफ चूक आहे. तुमची मोजणीही चूक आहे. इथं एकाआड एक दिवस पाणी येतं, तुमची माणसं कोरड्या दिवशी येऊन गेली. मी आत्ता इथं उभा आहे. सत्तेचाळीस घरांत माणसं राहतात. एकही घर रिकामं नाही!"

किती बरं वाटलं मला! सव्वीस वर्षांनी का होईना, खरं ते बोललो. मला वाटलं, भाऊजींचं काहीतरी फेडलं.

पलीकडे मॅडमचा आवाज उजळला. "सर, हे फार मोठं काम केलंत तुम्ही! सत्तेचाळीस? म्हणजे ही तर पूर्ण भरलेली गल्ली. एवढी मागणी अख्ख्या शहरात दुसरीकडे नाही. आम्ही ही वगळून बसलो होतो! मी दुपारी माणसं पाठवते, फोटो काढून घेऊ. पहिल्या नंबरवर घेऊया."

फोन माझ्या कानालाच होता. जिथं माणसं तिथं मागणी. हे मीच शिकवलं होतं. मीच ते पान लिहिलं होतं आणि ते फाडायच्या नादात त्याचा अर्थ विसरलो होतो. ज्या चुकीनं ताईचं एक घर घालवलं होतं, तीच चूक काल तिचं हे घर राखत होती. मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरे होतं.

"मॅडम, थांबा," मी म्हणालो. "ही गल्ली वगळायचीच आहे. काल ठरलंय आपलं."

"पण का, सर?"

"माझी बहीण राहते इथं. भाड्यानं."

आता मात्र ती हळू आवाजात, अगदी आदरानं म्हणाली, "सर, मग तर तुम्हाला या फाईलवर सही करताच येणार नाही. नियम आहे. तुम्हीच मला कळवलंत ते बरं केलं. मी ही फाईल दुसऱ्या कुणाकडे देते. तुमची अडचण व्हायला नको."

मी फोन खिशात ठेवला. ताई दोरीशी उभी होती. तिच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता आणि चादरीचं एक टोक हातात. तिनं माझी बाजू ऐकली होती आणि माझ्या तोंडावरून उरलेलं तिला कळलं होतं. तिनं चिमटा काढला. "आता काय होणार?" तिनं विचारलं.

मी तिच्या दोरीवरचा गाऊन ओढून काढला. मग टॉवेल. मग पुन्हा एक टॉवेल. पाणी माझ्या शर्टावर ठिबकत होतं. "माणसं दुपारी येतील," मी म्हणालो. "तोवर…"

"माझे काढशील रे," ताई म्हणाली. "समोरच्यांचे? त्यांच्या पलीकडच्यांचे? दारोदार जाऊन सांगणारेस का, धुणं आत घ्या म्हणून?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो हवा होता. तिनं माझ्या हातातून टॉवेल घेतले आणि पुन्हा दोरीवर घातले, नीट झटकून, कडा जुळवून. "वाळू दे. ओले कपडे घेऊन कुठं जाणारे मी?"

"ताई, चुकलो मी."

"हो. चुकलास." एवढंच म्हणून ती जिना उतरायला लागली. एकेक पायरी, कठड्याला धरून.

मी खाली गेलो तेव्हा तिनं कपाटामागचे खोके बाहेर ओढले होते. मी म्हणालो, आत्ताच काय घाई आहे, महिने लागतील, कागदपत्रं, मोजणी, मालकांच्या सह्या. ती म्हणाली, "काचेचं सामान आधी बांधलेलं बरं असतं. शेवटी घाई होते आणि मग फुटतं." सात घरांची सवय होती तिच्या हातांना. सुतळीची गाठ तिनं न बघता सोडली.

वरचा खोका मी उचलला. काळ्या खडूनं त्यावर मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलेलं होतं: 'आपलं घर – स्वयंपाकघर'. दुसऱ्यावर 'आपलं घर – कपडे'. तिसऱ्यावर 'आपलं घर – काच, हळू'. भाऊजींचं अक्षर मी ओळखतो. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला त्यांचं पत्र यायचं.

"हे कधी लिहिलं होतं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

"तू ते घर बघायला येणार होतास ना, त्याच्या आदल्या दिवशी." ताई वर्तमानपत्रात एक पेला गुंडाळत होती. "मी म्हटलं, आधी त्याला बघून तर येऊ दे. तर हे म्हणाले, मेव्हणे कशाला नाही म्हणतील?"

मी 'काच, हळू' लिहिलेला खोका उघडून उभा केला. त्याचा तळ सुटत आला होता. चिकटपट्टी कुठं ठेवलीय ते मी ताईला विचारलं.